मागणीचे प्रयोजन

अख्ख्या अमेरिकेत बंदुकीचा सुटा भाग विकत घ्यायला सगळ्यात अवघड जागा कोणती, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन : नॉर्थ कॅरोलिनातल्या मॉरिसव्हिल गावी, आमच्या काकांचं गॅरेज. बाकी सगळा देश या बाबतीत कसा उघडा पडलेला आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. मी इथल्या युनिव्हर्सिटीत पब्लिक पॉलिसी शिकते, आणि मोकळ्या दुपारी लायब्ररीबाहेर घडीचं टेबल लावून बंदुकांच्या कायद्यांवर पत्रकं वाटते. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त तिचा तो सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो. त्याला नियम आहेत, तेही अपुरे. पण स्प्रिंगा, खिळे, लाकडी दस्ते, नेम धरायच्या पट्ट्या हे सगळं म्हणजे नळाचे वॉशर. कुणीही घरबसल्या विकावं, कुणीही मागवावं, खोक्यात घालून पाठवून द्यावं. कोण, कशाला, काही विचारायचं नाही. हे वाक्य मी इतक्यांदा बोललेय की झोपेतही बोलत असेन. आणि ज्या घराच्या वरच्या खोलीत मी झोपते, त्याच्या खालच्या गॅरेजात नेमका हाच धंदा चालायचा.

हे काका म्हणजे माझ्या आत्याचे धाकटे दीर. पुण्याजवळच्या एका सरकारी कारखान्यात एकतीस वर्षं स्प्रिंगा तपासल्या आणि तपासनीस म्हणूनच निवृत्त झाले. मुलीनं त्यांना आणि काकूंना इकडे आणलं, पुढे ती नोकरीसाठी कॅलिफोर्नियात गेली, टाउनहाउस यांच्यावर सोपवून. मग रिकाम्या खोलीत मी आले. गाडी बाहेर उन्हात, कारण गॅरेजात चार भिंतींना लागून खण, आणि प्रत्येक खणावर काकांच्या वळणदार मराठी अक्षरात चिठ्ठी : 'स्प्रिंग, घोड्याची, बारीक', 'स्प्रिंग, घोड्याची, शंकास्पद', 'स्क्रू, अनाथ'. कुठे कुणाच्या घरचा जुना माल विकायला निघाला की काका तिथल्या गंजक्या सुट्या भागांचं अख्खं खोकं उचलून आणत. आठवडाभर ते केरोसिनमध्ये भिजत पडे, मग एकेक तुकडा पुसून, व्हर्निअरनं मोजून, डोळ्याला भिंग लावून त्याचा निकाल लागे. निकाल म्हणजे 'पास', नाहीतर 'नापास'. नापास झालेल्या स्प्रिंगेला काका कचऱ्यात टाकत नसत. पकडीनं तिचे चार तुकडे करत, आणि मगच टाकत. "चुकून कुणी उचलली तर?" असं म्हणत. कोण उचलणार होतं, देव जाणे.

एवढं असून या माणसानं आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. उडवणं सोडा, चार जुलैला, इथल्या स्वातंत्र्यदिनी, शेजारची पोरं फटाके लावायला लागली की काका टीव्हीचा आवाज वाढवून आत जाऊन बसतात. काकू म्हणतात, "बेचाळीस वर्षं झाली लग्नाला, उंदराचा सापळासुद्धा मीच लावते." एकदा पलीकडच्या घरातला एक आडदांड गोरा शेजारी त्यांना प्रेमानं नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेला. दोन तासांनी काका परत आले ते फार प्रसन्न. मी घुश्शातच विचारलं, "काय, उडवली का शेवटी?" तर म्हणाले, "छे गं. पण त्यांची भाड्यानं द्यायची एक रायफल होती ना, तिची स्प्रिंग मेलेली होती. मी मालकाला दाखवून दिलं. तो थँक यू म्हणाला." त्या मालकानं यांना पुन्हा येऊ नका असंही नम्रपणे सुचवलं होतं, हे नंतर शेजाऱ्याकडून कळलं. काका म्हणे रांगेतल्या प्रत्येकाच्या हातातली बंदूक मागून घेऊन तपासत होते.

पार्सल पाठवणं हा तर सोहळा. पहिल्या वर्षी काकांनी पार्सलं मांजरपाटाच्या कापडात शिवून, टाक्यांवर लाखेचे ठिपके देऊन कुरियरच्या काउंटरवर नेली होती. खिडकीतल्या बाईंनी ते गाठोडं हातात घेऊन विचारलं होतं, "सर, इज धिस अ पिलो?" मग काका खोक्यांवर आले, पण लाख सोडायला तयार नव्हते. ती कशीबशी काकूंनी लपवली. शिवाय कुरियरवाल्यांचे नियम. एका कंपनीनं परवाना नसलेल्या किरकोळ विक्रेत्याकडून असले भाग घ्यायचे बंदच केले होते, दुसरीचं धोरण ऋतूप्रमाणे बदलायचं. दुसरा कुणी असता तर गुपचूप 'हार्डवेअर' असं लिहून मोकळा झाला असता. बहुतेकजण तेच करतात, आणि त्यावर आमचं एक स्वतंत्र पत्रक आहे. काका मात्र प्रत्येक खेपेला ताजं धोरण छापून, महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघ मारून, फाइलला लावून काउंटरवर जात, आणि गर्दी असो नसो, कारखान्यातल्या यंत्रांवर चढवायची सवय असलेल्या आवाजात जाहीर करत, "मॅडम! धिस बॉक्स कंटेन्स गन पार्ट्स!" रांगेतली माणसं दोन पावलं मागे सरकत. एकदा एक आजी खाली बसल्या. बाई बिचाऱ्या दबक्या आवाजात म्हणत, "हनी, यू कॅन्ट से इट लाइक दॅट." त्यावर काका, "देन हाउ शुड आय से?" असं विचारून वही-पेन काढत.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे त्यांचा फॉर्म. काकांच्या कारखान्यात मागणीपत्र भरल्याशिवाय खिळाही हलत नसे, आणि अमेरिकेत आले म्हणून ते बदलायचं त्यांना काही कारण दिसलं नाही. ऑनलाइन कुणी स्प्रिंग मागवली की काका त्याला दोन पानी फॉर्म पाठवत. नाव, पत्ता, फोन, बंदुकीचं वय, घरातल्या माणसांची संख्या, माल केव्हापर्यंत हवा, आणि सगळ्यात मोठा रकाना : 'पर्पज ऑफ रिक्वायरमेंट'. घरात बोलताना त्याला ते 'मागणीचे प्रयोजन' म्हणत, जुन्या द्विभाषिक फॉर्मवर होतं तसं. फॉर्म पूर्ण भरून आल्याशिवाय पार्सल दाराबाहेर पडायचं नाही. आता कल्पना करा. अॅरिझोनातला कुणी दाढीवाला सरकारनं काही विचारू नये म्हणून जन्मभर मतदान करतो, आणि मॉरिसव्हिलचा एक निवृत्त तपासनीस त्याला विचारतो की घरात माणसं किती. कुणी शिव्या लिहून पाठवत. काका त्या फॉर्मवर 'अपूर्ण' असा शिक्का मारून परत पाठवत. एकानं प्रयोजनाच्या रकान्यात मोठ्या अक्षरात 'फ्रीडम' लिहिलं. काकांनी त्याला फोन लावला. "सर, फ्रीडम इज व्हेरी गुड. बट फ्रीडम टू डू व्हॉट? प्लीज बी स्पेसिफिक." अर्धा तास चाललं ते. शेवटी त्यानंच ऑर्डर कॅन्सल केली. काकांच्या ऑनलाइन दुकानाखाली गिऱ्हाइकांनी जे शेरे मारलेत, त्यातला मला सगळ्यात आवडता : 'विक्रेता वेडा आहे. स्प्रिंग उत्कृष्ट आहे.'

आमची भांडणं रोज संध्याकाळी, ताटावर. मी म्हणायची, "काका, तुम्ही या सगळ्या राक्षसी यंत्रणेचा एक भाग आहात."

"मी स्प्रिंग विकतो गं. स्प्रिंग पेनमध्येही असते."

"पेननं वर्गातली पोरं मरत नाहीत."

काकांचा घास हातातच राहायचा. काकू म्हणायच्या, "ए बाई, तुझं ते पत्रक जेवणानंतर वाच. आणि तुम्ही आमटी घ्या." एकदा असंच कडाक्याचं झाल्यावर काका ताटावरून उठून गेले. मला वाटलं, चला, लागलं कुठेतरी. दुसऱ्या दिवशी बघते तर फॉर्मवर नवा रकाना : 'घरात लहान मुले येतात-जातात काय? असल्यास कपाटास कुलूप आहे काय? किल्ली कोणाकडे असते?' मी कपाळावर हात मारला. मी देशाचा कायदा बदला म्हणत होते, आणि या गृहस्थांनी रकाना वाढवला होता. मी तसं तोंडावर बोललेही. काका शांतपणे म्हणाले, "कायदा तू बदल. माझ्या हातात फॉर्म आहे."

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. चार दिवस वाचायचं नाही, गाडी चालवायची नाही. गॅरेजातल्या टेबलावर पार्सलांच्या दोन चळती होत्या. काका डोळ्यावर प्लास्टिकची वाटी बांधून कोचावर बसले होते. मला म्हणाले, "एवढी उजवीकडची काउंटरवर देऊन येशील? त्यांचे फॉर्म आलेत. डावीकडची राहू दे, त्यांचे यायचेत."

आता हे माझ्याकडून व्हावं! त्याच दुपारी लायब्ररीबाहेर आमचं टेबल होतं, गाडीच्या डिकीत पत्रकांचे गठ्ठे होते, आणि त्यांच्या शेजारी बंदुकीची पार्सलं ठेवून मी जायचं? मी वीस मिनिटं काकूंसमोर तणतणले. काकू म्हणाल्या, "नसेल जमत तर नको नेऊस, पण माझं डोकं नको खाऊस." मग तिरमिरीत जाऊन दोन्ही चळती उचलल्या, डिकीत आपटल्या, आणि निघाले. उजवी कुठली, डावी कुठली, हे मी ऐकलंच नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "यात द्रव, नाजूक, ज्वालाग्राही काही?" मी म्हटलं, नाही. काय आहे ते खोक्यांवर काकांनी छापील अक्षरात लिहिलेलंच होतं. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली, शिक्के मारले. मिनिटभराचं काम. तिथून मी थेट टेबलावर गेले आणि संध्याकाळपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तावातावानं सांगत राहिले की या देशात कुणीही कुणालाही बंदुकीचे भाग पाठवतं, आणि कुणी एक प्रश्न विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू नव्यानं आलेले फॉर्म वाचून दाखवत होत्या आणि काका मान हलवून 'पास', 'अपूर्ण' असं म्हणत होते. मी कॉफी घेत उभी होते. काकूंनी पुढचा कागद घेतला. टेनेसीतल्या कुठल्याशा डोंगराळ गावचा पत्ता. जुन्या रायफलीच्या घोड्याची स्प्रिंग.

"घरातल्या माणसांची संख्या : एक. कंसात लिहिलंय, मार्चपर्यंत दोन होतो."

"हं."

"केव्हापर्यंत हवं : रविवार. आमच्या लग्नाचा वाढदिवस." काकू थांबल्या. "कुलूप : गरज नाही. माल परत पाठवण्याच्या अटी मान्य : परत पाठवायला मी नसेन."

"प्रयोजन?"

काकूंनी ती ओळ आधी मनात वाचली. मग हळू म्हणाल्या, "एकदाच चालली तरी पुरे."

काकांनी डोळ्यावरची वाटी काढली. डॉक्टरनं काढू नका म्हणून बजावलं होतं. कागद नाकाशी नेऊन त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. "हे डावीकडचं पार्सल. कुठाय ते?"

मी कप खाली ठेवला. मी म्हटलं, "काका, मी सगळी दिली."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "चल, गाडी काढ."

काउंटरवरच्या बाईंनी सगळं ऐकलं आणि पार्सल वाटेत अडवण्याचा अर्ज पुढे केला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदाच एक फॉर्म न वाचता सही केली. बाई म्हणाल्या, अर्ज आत्ता जातोय, पण ट्रक कालच संध्याकाळी गेलाय. पुढच्या थांब्यावर सापडलं तर सापडलं. आणि त्यांनी काकांचा हात थोपटला. नाही सापडलं. घरी येऊन संगणकावर बघितलं तर पार्सल डोंगर चढून टेनेसीत पोचलेलंही होतं, दुपारी घरपोच होणार होतं. मी म्हटलं, तिकडच्या पोलिसांना, शेरीफच्या ऑफिसला, कळवू या. काका म्हणाले, "कळव. लगेच कळव. मी त्या गिऱ्हाइकालाच फोन लावतो."

दोनदा नुसती रिंग गेली. तिसऱ्यांदा उचलला; आवाजावरून चांगले वयस्क आजोबा. फोन स्पीकरवर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर. काकू भेंडी चिरायची थांबलेल्या.

काका म्हणाले, "सर, मी मॉरिसव्हिलहून बोलतोय. तुमची स्प्रिंग नापास आहे. ती चुकून आली. माझी पुतणी फार धांदरट मुलगी आहे." काकांनी पास केलेल्या स्प्रिंगेला नापास म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. माझ्याबद्दलचं वाक्य मात्र खरं होतं.

पलीकडून खरखरीत आवाज आला, "आत्ताच दारात ठेवून गेलाय. काही हरकत नाही, बडी. मला ती एकदाच चालायला हवीय."

"सर, एकतीस वर्षं मी स्प्रिंगा पास केल्या. हजारदा दाबली तरी हजारदा परत येईल तीच पास. एकदाच चालेल अशा स्प्रिंगेसाठी माझ्याकडे शिक्काच नाही."

 तिकडे पंखा घरघरत होता. मग काकांनी त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं, रकाना रिकामा राहिला असावा तसं सरळ विचारलं, "सर, आर यू प्लॅनिंग टू डाय ऑन संडे?"

मी डोळे मिटून घेतले. आमच्या गटाच्या प्रशिक्षणात, आत्महत्येचा संशय आला तर असं स्पष्टच विचारावं, असं सांगतात. मला ते आजवर कधी जमलेलं नव्हतं. तिकडून आजोबा म्हणाले, "तुम्ही फार प्रश्न विचारता." पण त्यांनी फोन ठेवला नाही. मग काकांनी त्यांच्या बायकोबद्दल विचारलं. ती काय करायची, आजार किती दिवस होता, लग्न कुठल्या साली. सगळं फॉर्म भरून घेतल्यासारखं, एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येक उत्तराला "राइट, राइट". मध्येच काकूंनी फोनकडे वाकून विचारलं, "यू एट समथिंग?" आजोबांनी कबूल केलं की कालपासून काही खाल्लेलं नाही. "एग इज देअर? मेक एग. वी विल होल्ड." आणि खरंच, आम्ही तिघं टेबलाभोवती बसून टेनेसीतल्या एका तव्यावर अंडं तळल्याचा आवाज ऐकत राहिलो. मी मदतवाहिनीचा नंबर कागदावर लिहून पुढे सरकवला. काकांनी तो दोनदा सांगितला आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घेतला. शेरीफचा माणूस त्याच सुमारास तिकडे येऊन दार ठोठावू लागला. तो पोर्चमध्ये त्यांच्यापाशी बसून राहिला, कॉफी पिऊनच गेला, आणि त्यांच्या चर्चमधल्या एका शेजाऱ्याला बोलावूनही गेला.

फोन ठेवण्याआधी काका म्हणाले, "सर, तुमच्या रायफलीचा बोल्ट मला पाठवा. आणि ते माझं खोकंही, न उघडता. दोन्ही एकत्र तपासल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." बोल्ट म्हणजे रायफलीच्या मागच्या बाजूला सरकणारी ती पोलादी दांडी. ती काढली की रायफल म्हणजे निव्वळ काठी. मी काकांकडे बघतच राहिले. तो भाग सुटा आहे, त्यावर नंबर असला तरी कायद्याच्या लेखी तो बंदूक नाही, कुणीही घरातून पाठवावा. ज्या पळवाटेविरुद्ध मी दोन वर्षं घसा फोडत होते, तिच्यातूनच काका ती बंदूक बाहेर काढत होते.

पाठवतील का, हे काही आजोबांनी सांगितलं नाही. रविवारी काकांनी त्यांना पाच फोन केले. तेल कुठलं वापरता? दांडीचा रंग निळसर की काळा? जेवलात का, हा काकूंचा. प्रत्येक वेळी फोन उचलला जाईपर्यंत काका टेबलाची कड घट्ट धरून उभे. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी दारात खोकं आलं. आत जुन्या फुलाफुलांच्या स्वयंपाकाच्या टॉवेलात गुंडाळलेला बोल्ट, काकांचं न उघडलेलं पार्सल, आणि काकांचाच फॉर्म, नव्यानं भरलेला. प्रयोजन : तपासणी. केव्हापर्यंत हवं, या रकान्यात : घाई नाही.

काकांनी तो फॉर्म माझ्या हातात दिला आणि गॅरेजात गेले. बराच वेळ केरोसिनच्या डब्याचं झाकण उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता.

एकतीस वर्षांत काकांनी एकही काम टेबलावर शिळं होऊ दिलं नाही, असं काकू अभिमानानं सांगतात. त्या माणसानं ही एकच फाइल अडकवून ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आजोबांना पत्र जातं : 'आपल्या वस्तूची तपासणी चालू आहे. विलंबाबद्दल दिलगीर आहोत.' एकदा मोजमाप जुळत नाही, एकदा पोलादाची शंका, एकदा संदर्भग्रंथ मागवला आहे. दर मंगळवारी चार वाजता आजोबा चौकशीचा फोन करतात आणि तासभर बोलतात. त्यांना सगळं कळतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. काकांनाही ते ठाऊक आहे. दोघंही त्याबद्दल अक्षर बोलत नाहीत. दुकान काकांनी त्याच आठवड्यात बंद केलं. बंद म्हणजे 'वार्षिक मोजणीसाठी' असा फलक लावला. वर्ष उलटून गेलं, मोजणी संपलेली नाही. "तुझ्यामुळे नाही हं," असं मला त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मी अजून पत्रकं वाटते. माझं म्हणणं तसूभरही बदललेलं नाही, उलट धार चढलीय. जे काम देशाच्या कायद्यानं करायचं, ते एका मोतीबिंदूवाल्या माणसाच्या दोन पानी फॉर्मवर सोडलेलं आहे, आणि तो फॉर्म माझ्यासारखी कुणी रागाच्या भरात एका मिनिटात ओलांडून जाऊ शकते. पण हे पत्रकात मावत नाही. मी दोनदा लिहून पाहिलं आणि दोनदा फाडलं.

या वसंतात काका-काकू तीन महिन्यांसाठी पुण्याला गेले. निघताना काकांनी मला खण दाखवला, टॉवेलात बांधलेला बोल्ट दाखवला, आणि रीतसर कागदावर माझी सही घेतली. पदनाम लिहिलं, सहायक तपासनीस. वर 'हंगामी' असं घालायला विसरले नाहीत. विमानतळावर काकूंची बॅग उचलताना हळूच म्हणाले, "माझं काही झालं, तर ही फाइल बंद नाही करायची."

पहिल्या मंगळवारी चारला फोन वाजला. मी गॅरेजात होते.

"बॉस कुठेत?"

"इंडियात. जूनमध्ये येतील."

"येतील ना नक्की?"

"येतील, सर."

तिकडून बादली खडखडल्याचा आवाज. मग, "आणि माझा बोल्ट?"

सरकारी कचेऱ्यांतल्या दिरंगाईवर मी आजवर पाच पत्रकं लिहिली आहेत. मी खण उघडून बघितलं, उगाचच. म्हटलं, "तपासणी चालू आहे, सर. किती दिवस लागतील ते आत्ता नाही सांगता येत."

"टेक युअर टाइम, हनी," ते म्हणाले. मग म्हणाले, टोमॅटोची रोपं काल जमिनीत लावली, पण रात्री दव गोठेल असं रेडिओवर सांगतायत, तेव्हा आत्ता बोलता बोलताच एकेका रोपावर बादली पालथी घालतोय. किती रोपं, मी विचारलं. अठरा. डिकीत पत्रकं होती, लायब्ररीबाहेरच्या टेबलावर माणसं वाट बघत असणार होती. मी स्टूल ओढून बसले, आणि ते एकेक बादली मोजत गेले तसतशी मीही इकडून मोजत गेले.